अलीकडील अद्भुतरम्य आणि विज्ञान कादंबऱ्या : एका वाचकाची काही मते

महाविद्यालयाच्या ग्रंथालय समितीपुढे पुस्तकांची मागणीपत्रे येतात तेव्हा अद्भुतरम्य कादंबरी आणि विज्ञान कादंबरी या दोन प्रकारांवर सर्वांत आधी फुली मारली जाते, हा अनुभव बहुतेक प्राध्यापकांना असेल. कारणे तीन सांगितली जातात. ही मुलांची पुस्तके आहेत, त्यांचा वास्तवाशी संबंध नाही आणि ती अभ्यासक्रमात नाहीत. यांपैकी तिसरे कारण खरे आहे. पहिल्या दोहोंविषयी मात्र शंका घ्यावी अशी परिस्थिती आहे. आपले विद्यार्थी ही पुस्तके मोबाईलवर वाचतात, त्यांवरील मालिका पाहतात, आणि त्याविषयी वर्गात आपल्याशी बोलत नाहीत, कारण शिक्षकाने ती वाचलेली नसणार हे त्यांनी गृहीत धरलेले असते. प्रस्तुत लेखात गेल्या सुमारे पंधरा-वीस वर्षांतील काही गाजलेल्या कादंबऱ्यांविषयीची मते मांडली आहेत. हा सर्वेक्षणाचा प्रयत्न नाही. ज्या कादंबऱ्या वाचल्या, पुन्हा वाचाव्याशा वाटल्या किंवा ज्यांच्याशी भांडावेसे वाटले, त्यांच्यापुरताच हा विचार आहे.

अद्भुताची नावड ही आपली मूळ वृत्ती नव्हे, हे प्रथम नमूद करावयास हवे. एकोणिसाव्या शतकात कृष्णशास्त्री चिपळूणकरांसारख्या व्यासंगी पंडिताने 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' मराठीत आणण्याचे काम अंगावर घेतले आणि त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. लखनौच्या नवलकिशोर छापखान्यातून १८८३ पासून 'तिलिस्म-ए-होशरुबा'चे जाडजूड खंड निघू लागले. हैदराबाद, इंदूर, ग्वाल्हेर येथे उर्दू जाणणाऱ्या जुन्या घरांतून अमीर हमजा आणि अमर अय्यार ही नावे आजही अपरिचित नाहीत. १९०५ मध्ये रुकैया सखावत हुसेन यांनी 'सुलतानाज ड्रीम' ही छोटी कथा इंग्रजीत लिहिली. तीत पुरुष घरात बंद आहेत आणि स्त्रिया सूर्याची उष्णता वापरून राज्य चालवीत आहेत. याच बाईंनी पुढे १९११ मध्ये कलकत्त्यात मुलींची शाळा चालविली, हे शिक्षणसंस्थेच्या नियतकालिकात सांगण्यासारखे आहे. कल्पितकथा आणि शाळा ही त्यांच्या लेखी दोन वेगळी कामे नसावीत. मराठीत १९७४ साली जयंत नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठविली आणि तिला पारितोषिक मिळाले. त्याच नारळीकरांना २०२१ च्या नाशिक येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद मिळण्यास मध्ये जवळजवळ अर्धे शतक गेले. २० मे २०२५ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या मागे मराठी विज्ञानकथेचे काय होणार, हा प्रश्न त्या दिवसांत अनेकांनी विचारला. परंतु जगात या प्रकाराचे काय झाले आहे, हे माहीत असल्याशिवाय त्याचे उत्तर देता येणार नाही.

या कादंबऱ्या वाचताना एक प्रश्न हाताशी ठेवणे उपयुक्त ठरते. प्रत्येक कल्पित जगात एखादी सोय असते. कोठे जादू असते, कोठे यंत्र असते, कोठे दूरच्या ताऱ्यावर जाणारे यान असते. या सोयीची किंमत कोण मोजतो? लेखकाला हे माहीत आहे काय? आणि माहीत असल्यास तो वाचकाला ते दाखवितो की लपवितो? ग्रहांची नावे, वंशावळी, नकाशे, परिशिष्टे यांवरून कादंबरीची थोरवी ठरत नाही. पदरमोड कोणाची होते, यावरून बहुधा ठरते.

चिनी लेखक लिऊ त्सीशिन यांच्या 'द थ्री-बॉडी प्रॉब्लेम'पासून सुरुवात करणे सोयीचे आहे, कारण नारळीकरांच्या वाचकाला ती सर्वांत जवळची वाटेल. २००६ मध्ये ती नियतकालिकातून क्रमशः आली, २००८ मध्ये पुस्तकरूपाने निघाली आणि केन लिऊ यांचा इंग्रजी अनुवाद २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी तिला ह्यूगो पुरस्कार मिळाला. अनुवादित कादंबरीला तो मिळण्याची ही पहिलीच वेळ होती. इंग्रजी अनुवादाचा प्रारंभ १९६७ सालच्या सांस्कृतिक क्रांतीतील एका सभेने होतो. भौतिकशास्त्राच्या एका प्राध्यापकाला त्याच्या विद्यापीठात, त्याच्या मुलीच्या डोळ्यांदेखत, शाळकरी वयाच्या मुली मारून टाकतात. सापेक्षता शिकविली हा त्याचा गुन्हा. ज्यांनी आयुष्य वर्गात घालविले आहे त्यांना ही पाने वाचताना पोटात गोळा येईल. ती मुलगी, ये वेन्जिए, पुढे एका गुप्त लष्करी तळावर काम करते, परग्रहावरून संदेश येतो, 'उत्तर देऊ नका' असा त्यात इशारा असतो, आणि ती उत्तर देते. मानवजातीचा विश्वासघात करणाऱ्या या बाईविषयी वाचकाच्या मनात तिरस्कार उत्पन्न होत नाही, हे लेखकाचे मोठे यश आहे. तिने उत्तर का दिले हे आपल्याला पहिल्या प्रकरणापासून ठाऊक असते.

यानंतर मात्र कादंबरी पातळ होत जाते. उरलेली पात्रे एकमेकांना शास्त्र समजावून सांगण्यासाठी भेटतात. शी छ्यांग नावाचा रांगडा पोलीस अधिकारी सोडल्यास कोणाचा चेहरा लक्षात राहत नाही. नारळीकरांच्या कथांवर आपल्याकडे जो आक्षेप घेतला गेला, की कल्पना ठसठशीत आणि माणसे पुसट, तोच येथे अधिक मोठ्या पटावर लागू पडतो. पनामा कालव्यात अतिसूक्ष्म धागे ताणून एक अख्खे जहाज माणसांसकट चिरले जाते. प्रसंग विलक्षण आहे. परंतु चिरल्या गेलेल्या माणसांपाशी लेखक थांबत नाही. त्याचे लक्ष धाग्याकडे आहे. ज्या लेखकाने एका प्राध्यापकाच्या मृत्यूवर इतके मन लावून लिहिले त्याच्याकडून ही अपेक्षा नव्हती.

विज्ञान शिकविणाऱ्या सहकाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. कादंबरीतील परग्रह आपल्या सर्वांत जवळच्या तारकासमूहात, म्हणजे सुमारे सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे, आणि तेथील तीन सूर्यांच्या ओढाताणीत त्या ग्रहाचा पुनःपुन्हा नाश होतो. प्रत्यक्षात तेथील दोन मोठे तारे एकमेकांभोवती सुमारे ८० वर्षांत फिरतात आणि तिसरा, प्रॉक्झिमा, त्यांच्यापासून फारच दूर आहे. त्यामुळे कादंबरीतला गोंधळ तेथील आकाशात नाही. तीन वस्तूंच्या परस्पर आकर्षणाचे सर्वसाधारण उत्तर एका नेटक्या सूत्रात मांडता येत नाही, हे मात्र खरे आहे. लेखकाने एका खऱ्या गणिती अडचणीला चुकीचा पत्ता दिला आहे, असे म्हणता येईल. वर्गात चर्चेला याहून चांगला विषय मिळणार नाही.

अँडी विअर यांची 'प्रोजेक्ट हेल मेरी' (२०२१) शिक्षकांना आवडेल, कारण तिचा नायक शाळेत विज्ञान शिकविणारा मास्तर आहे. सूर्याचा प्रकाश खाणारे सूक्ष्मजीव पसरले आहेत, पृथ्वी गोठण्याच्या मार्गावर आहे, आणि हा मास्तर दूरच्या ताऱ्यापाशी एका कोळ्यासारख्या, खडकाळ अंगाच्या परग्रहवासीयाशी मैत्री करतो. पुस्तक हातातून सुटत नाही. तरीही दोन ठिकाणी ठेच लागते. परग्रहवासीयाची भाषा स्वरांची आहे, आणि आपला मास्तर संगणकावर शब्दांची यादी करून ती पाहता पाहता आत्मसात करतो. जणू भाषा म्हणजे किराण्याची यादी! बेळगावात मराठी, कन्नड, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषांत दिवस काढणाऱ्या माणसाला हे पटणे कठीण आहे. दुसरे असे की, यानाच्या इंधनासाठी सहारा वाळवंटाचा मोठा भाग काळ्या तावदानांनी झाकण्याची योजना एका उत्साही माणसाच्या तोंडून येते आणि मंजूर होते. सहाऱ्यात माणसे राहतात. कादंबरी त्यांच्याविषयी फारसे रेंगाळत नाही. जग वाचवायचे म्हटल्यावर परवानगी कोणाकोणाची घ्यायची, हा प्रश्न विनोदाने उडवून लावला आहे. शेवटाकडे नायकाच्या स्मृतीतून एक कडवट सत्य बाहेर येते : तो स्वखुशीने निघालेला नव्हता, नकार दिल्यावर त्याला जबरदस्तीने पाठविले गेले होते. कादंबरीतील सर्वांत अस्सल क्षण हाच. लेखक त्यावरून भरभर पुढे जातो याची हळहळ वाटते.

आता अशा कादंबऱ्यांकडे वळू ज्यांत मुस्लिम जग येते. हा विषय केवळ अस्मितेचा म्हणून येथे घेतलेला नाही. एखाद्या समाजाची भाषा, चालीरीती, श्रद्धा ही लेखकाने कथेच्या अंगणात सजावटीसाठी मांडली आहेत की ती कथेच्या घरात राहतात, हे पाहण्याची ही चांगली जागा आहे. फ्रँक हर्बर्ट यांच्या 'ड्यून'मध्ये (१९६५) महदी, जिहाद, लिसान अल-गैब असे शब्द जागोजागी आहेत. २०२१ आणि २०२४ च्या चित्रपटांमुळे ही कादंबरी नव्या पिढीने पुन्हा उघडली. तिची ताकद नाकारता येत नाही. वाळवंटातील पाण्याच्या अर्थशास्त्राचा इतका गंभीर विचार त्या काळच्या विज्ञान कादंबरीत विरळा. पण तीत अरबी शब्द उच्चारणारी माणसे अखेरीस बाहेरून आलेल्या राजपुत्राची वाट पाहत असतात. हर्बर्ट यांना त्या राजपुत्राचे भय दाखवावयाचे होते हे मान्य केले, तरी वाट पाहणाऱ्यांच्या पदरी वाट पाहणेच येते.

सलादीन अहमद यांची 'थ्रोन ऑफ द क्रेसेंट मून' (२०१२) या दृष्टीने ताजीतवानी आहे. तिचा नायक अदुल्ला हा साठी ओलांडलेला, पोट सुटलेला, वेलदोड्याच्या चहाचा शौकीन असा भुतेखेते मारणारा वैद्य आहे आणि त्याला निवृत्त व्हायचे आहे. देवाचे नाव त्याच्या तोंडी सहज येते, शिवीही सहज येते. त्याच्यासोबतचा तरुण दरवेश रशीद काटेकोर धर्मनिष्ठ आहे, आणि दोघांत नेहमी खटके उडतात. श्रद्धेच्या दोन वृत्ती एकाच टांग्यात बसवून लेखकाने मौज आणली आहे. कथानकाविषयी फारसे बोलण्यासारखे नाही. खलनायक कागदी आहे आणि शेवट घाईने उरकला आहे. पण नायकाच्या वयासाठी तरी ती वाचावी.

शॅनन चक्रवर्ती यांची 'दैवाबाद' कादंबरीत्रयी ('द सिटी ऑफ ब्रास', २०१७, 'द किंगडम ऑफ कॉपर', २०१९, 'दी एम्पायर ऑफ गोल्ड', २०२०) याहून पुष्कळ महत्त्वाकांक्षी आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंचांच्या ताब्यातील कैरोमध्ये नहरी नावाची एक तरुणी लोकांना गंडवून पोट भरते. तिला कोणतीही भाषा ऐकताक्षणी समजते. एका अंगात येण्याच्या विधीत ती चुकून एका जिन्न योद्ध्याला बोलावून घेते, आणि कथा पितळी तटाच्या दैवाबाद नगरीत पोचते. तेथे जिन्नांच्या सहा जमाती आहेत. आपल्या उपखंडाशी जोडलेली अग्निवंशी ही त्यांतलीच एक. सगळ्यांच्या पायाखाली शफित आहेत, म्हणजे मानवी रक्ताची भेसळ असलेले मिश्र वंशाचे लोक.

या त्रयीचे खरे सामर्थ्य तिच्या राजकारणात आहे. पूर्वी नहिद घराणे शफितांवर अन्याय करीत होते. शफितांना सोडवण्यासाठी गझिरी जमातीच्या झायदी अल कहतानीने बंड केले आणि तख्त घेतले. अनेक शतकांनंतर त्याचेच वंशज शफितांना चिरडत आहेत, आणि त्यासाठी मुक्तिदात्या पूर्वजाचेच नाव घेत आहेत. ज्यांचे तख्त गेले ते स्वतःला पीडित समजतात आणि पूर्वी आपण काय केले ते विसरतात. तिन्ही बाजूंना आपापला इतिहास पाठ आहे आणि प्रत्येकाच्या इतिहासात एक पान फाडलेले आहे. हे वाचून कोणत्याही एका देशाचे नाव घेण्याची गरज भासत नाही. धाकटा राजपुत्र अली हा नमाज-रोजा पाळणारा, हिशेबाची आवड असलेला, काहीसा हट्टी तरुण आहे. शफितांच्या चोरट्या संघटनेला तो आपल्या पैशाने मदत करतो आणि तो पैसा कोठे जातो हे कळल्यावर हादरतो. इंग्रजी अद्भुत कादंबरीत धार्मिक माणूस आला की तो एक तर ढोंगी असतो नाही तर माथेफिरू. अली यांपैकी काहीच नाही. त्याची श्रद्धा त्याला कधी शहाणे करते, कधी अडचणीत आणते, जशी ती प्रत्यक्षात असते. लेखिकेने स्वतः इस्लामचा स्वीकार केलेला आहे. तरीही येथे प्रचार नाही.

दोष सांगायचे तर पहिल्या भागाची मधली दोनशे पाने दरबारी कानगोष्टींत रुतून बसली आहेत. दारा हा योद्धा आणि नहरी यांचे प्रेमप्रकरण बाजारू कादंबरीच्या वळणावर जाते. दाराच्या हातून पूर्वी एका गावची कत्तल झालेली आहे. त्याच्या देखणेपणामुळे वाचकाने ती विसरावी अशी कथेची काही काळ इच्छा दिसते. दुसऱ्या आणि तिसऱ्या भागात लेखिका हे खाते पुन्हा उघडते आणि दाराला सोडत नाही, म्हणून ही त्रयी अर्धवट वाचू नये.

आर. एफ. क्वांग यांच्या 'बेबल'विषयी (२०२२) मात्र थोडे सविस्तर लिहावेसे वाटते. आपल्यासारख्या, अनेक भाषांच्या सीमेवर शिकविणाऱ्या प्राध्यापकांसाठीच ती लिहिली असावी असा भास होतो. १८३० च्या दशकातील ऑक्सफर्ड. तेथे अनुवादाची एक राजसंस्था आहे. चांदीच्या कांडीच्या एका बाजूस एका भाषेतील शब्द कोरायचा, दुसऱ्या बाजूस दुसऱ्या भाषेतील त्याचा प्रतिशब्द. अनुवादात अर्थाचा जो अंश गळून पडतो तो त्या चांदीत पकडला जातो आणि कामाला लागतो : गाड्या वेगाने धावतात, पूल उभे राहतात, जहाजे तरंगतात. अट अशी की कांडी चालवणाऱ्याला दोन्ही भाषा घरच्यासारख्या येत असल्या पाहिजेत. युरोपातील भाषा एकमेकींत मिसळत चालल्याने त्यांच्यातील फरकाची धार बोथट झाली आहे. म्हणून आता चिनी, अरबी, संस्कृत हव्यात, आणि त्या बोलणारी मुले हवीत. कँटनहून रॉबिन येतो, कलकत्त्याहून रमीझ रफी मिर्झा येतो, हैतीची व्हिक्ट्वार येते. त्यांना उत्तम जेवण, उत्तम ग्रंथालय आणि मानाचा झगा मिळतो. त्यांच्या भाषेतून निघालेली शक्ती त्यांच्याच देशांवर चालून जाते.

ही कल्पना केवळ चतुर नाही. तिच्यात इतिहासाचा मोठा तुकडा अडकला आहे. ज्या दशकात ही कथा घडते त्याच दशकाच्या तोंडाशी, १८३१ मध्ये, मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश मुंबईत प्रसिद्ध झाला. त्याआधी १८०५ मध्ये विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण निघाले होते. कॅरी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात कंपनीच्या अधिकाऱ्यांना मराठी शिकवीत असे. मोल्सवर्थच्या हाताखाली शास्त्रीमंडळी शब्द गोळा करीत होती. आजही आपण तो कोश उघडतो आणि त्याचे ऋण मानतो, मानलेच पाहिजे. पण कोशाला नाव मोल्सवर्थचे आहे. क्वांग यांच्या कादंबरीतली चांदी आपल्याकडे कागदाच्या रूपात होती, एवढाच फरक.

वर्गात एक प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. 'उष्टे' हा शब्द फळ्यावर लिहावा. उर्दूतला 'जूठा', कन्नडमधला 'एंजलु', कोकणीतला 'उश्टें' शेजारी लिहावेत. विद्यार्थी भराभर होकार देतात. मग इंग्रजी प्रतिशब्द विचारावा. जो मिळेल त्याचा अर्थ 'उरलेले' एवढाच होतो. ओठ, लाळ, विटाळ, आणि आईने मुलाच्या ताटातले खाण्याची माया, हे सारे गळून पडते. हेच 'माहेर', 'मायका' आणि 'तवरु' यांचे. क्वांग यांच्या जगात या गळतीवर कारखाने चालतात. विद्यार्थ्यांना शब्दार्थशास्त्राची व्याख्या पाठ करायला लावण्यापेक्षा हा मार्ग बरा.

कादंबरी म्हणून 'बेबल' सर्वत्र सारखी उतरलेली नाही. तिची पात्रे १८३० च्या दशकात राहतात आणि एकविसाव्या शतकातील विद्यापीठात शिकल्यासारखी बोलतात. पृष्ठतळाशी तळटीपा आहेत. त्यांतल्या काही सुरेख आहेत, पण बऱ्याच वाचकाचा हात धरून त्याने काय मत बनवावे ते सांगतात. आपण प्राध्यापक मंडळी तळटीपांची शौकीन खरी, तरीही. इंग्रज पात्रे जवळजवळ एकाच साच्यातली आहेत, त्यामुळे लेटीसारख्या मैत्रिणीचा विश्वासघात जितका चटका लावायला हवा तितका लावीत नाही. तो येणार हे आधीच कळलेले असते. रमी मिर्झा मात्र मनात राहतो. गोऱ्या लोकांपुढे तो मोगल खानदानी असल्याचे नाटक करतो, कारण नवाब म्हणून वावरणाऱ्याला ते जरा जपून वागवतात. हे नाटक करता करता दमलेला हा मुलगा आपल्या वसतिगृहांतही आढळतो. फक्त त्याचे सोंग वेगळे असते.

या कादंबरीला २०२२ सालासाठीचा नेब्युला पुरस्कार मिळाला. २०२३ मध्ये चीनमधील छंगतू येथे झालेल्या ह्यूगो पुरस्कारांतून मात्र ती अपात्र ठरवून वगळली गेली. जानेवारी २०२४ मध्ये मतांचे आकडे बाहेर आले तेव्हा हे उघड झाले आणि पटण्याजोगे कारण दिले गेले नाही. सत्तेपुढे भाषांतर कसे वाकते यावर लिहिलेल्या पुस्तकाच्या वाट्याला हे यावे, ही गोष्ट लेखिकेलाही कल्पिता आली नसती.

अहमद सादावी यांची 'फ्रँकेनस्टाइन इन बगदाद' ही माझ्या मते या सर्वांत श्रेष्ठ आहे. मूळ अरबी कादंबरी २०१३ मध्ये आली, २०१४ मध्ये तिला अरबी कादंबरीचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि जोनाथन राइट यांचा इंग्रजी अनुवाद २०१८ मध्ये निघाला. तीत नकाशा नाही, जादूचे नियम नाहीत, परिशिष्ट नाही. २००५ सालचे बगदाद आहे, बताविइन ही जुनी वस्ती आहे, आणि रोज कोठेतरी स्फोट होतो. हादी हा भंगारवाला आहे. त्याचा जोडीदार स्फोटात मरतो. शवागारात गेल्यावर हादीला दिसते की तेथे कोणाचे काय हे कळण्याची सोय राहिलेली नाही. मग तो रस्त्यावर पडलेले अवयव गोळा करून शिवू लागतो. हेतू एवढाच की एक पुरे शरीर तयार व्हावे, म्हणजे त्याला रीतसर दफन मिळेल. राक्षस घडविण्याची महत्त्वाकांक्षा मेरी शेली यांच्या १८१८ च्या कादंबरीतल्या शास्त्रज्ञाची होती. हादीला फक्त मय्यतीचा मान राखायचा आहे. या एका बदलाने जुनी कथा संपूर्ण आपल्या बाजूला येते.

त्या देहात स्फोटात मेलेल्या एका पहारेकऱ्याचा भटकणारा आत्मा शिरतो. शेजारची एलिश्वा ही म्हातारी ख्रिस्ती बाई, जिचा मुलगा इराण-इराक युद्धातून परतला नाही, त्याला आपला दानियाल समजून घरात घेते. तो देह उठतो आणि सूड घ्यायला निघतो : ज्याच्या हाताने तो बनला त्या हाताच्या धन्याचा सूड, ज्याच्या नाकाने बनला त्याचा. सुरुवातीला वाचक त्याच्या बाजूने असतो. मग एक अडचण येते. ज्याचा सूड पुरा होतो तो अवयव गळून पडतो. नवे मांस लागते. निरपराधांचेच हवे, असा त्याचा आग्रह असतो, पण पुरवठा कमी पडू लागतो. गुन्हेगारांचे मांस लावले जाते. कोण निरपराध आणि कोण गुन्हेगार याचा हिशेब गडबडतो. डोळे निकामी होऊ लागल्यावर तो रस्त्याने चाललेल्या एका निरुपद्रवी म्हाताऱ्याला मारतो, आणि लगेच स्वतःला त्याचे कारण पटवून देतो. ते कारण ऐकण्यासारखे आहे. राज्यकर्ते, सेनापती, गल्लीतले दादा, सारे याच सुरात बोलतात.

त्याच्याभोवती अनुयायी जमतात. त्यांतला एक वेडा म्हणतो की हाच पहिला खरा इराकी नागरिक, कारण याच्या देहात सर्व जमाती, सर्व पंथ एकत्र आले आहेत. हसावे की रडावे हे कळत नाही. राष्ट्रीय एकात्मतेवर आपण किती भाषणे ऐकली! सादावींनी ती एकात्मता सुईदोऱ्याने शिवून दाखविली. किंमत कोण मोजतो हा आपला प्रश्न येथे कथेच्या बाहेरून विचारावा लागत नाही. कथेचा नायकच ती किंमत आहे, तिच्या तुकड्यांचा बनलेला.

एलिश्वाचे प्रकरण मला पुनःपुन्हा वाचावेसे वाटले. तिच्या मुली ऑस्ट्रेलियात आहेत, त्या तिला बोलावतात, ती जात नाही, कारण दानियाल परत आला तर दार कोण उघडणार? भिंतीवरील संताच्या तसबिरीशी ती वाद घालते. शेजारच्या मुस्लिम बायका तिच्यात बरकत आहे असे मानतात. तिच्यामुळे गल्ली स्फोटापासून वाचते अशी त्यांची समजूत असते. शेवटी ती घर विकून जाते आणि गल्लीची रक्षा संपते. यात लेखकाने एक शब्दही चढ्या आवाजात लिहिलेला नाही. दोष सांगायचाच तर पत्रकार महमूदची उपकथा लांबली आहे, आणि ज्योतिषी बाळगणाऱ्या ब्रिगेडियरचा विनोद दोनदा पुरेसा होता, तो पाच-सहा वेळा येतो.

या कादंबरीचा मराठी अनुवाद कोणी हाती घेतल्यास तो इंग्रजीवरून न होता अरबीवरून व्हावा. अरबीचे जाणकार आपल्या संस्थांत आहेत. त्या अनुवादकापुढे पहिल्याच पानांत एक पेच येईल. त्या देहाला नाव नाही. बगदादी बोलीत त्याला 'शस्मा' म्हणतात, म्हणजे 'त्याचे नाव काय बरे ते'. नाव आठवत नसले की आपण जे तोंडातल्या तोंडात पुटपुटतो तसले काहीतरी. 'अमका' चालेल काय? अमक्याचे नाव आपल्याला ठाऊक असते, फक्त घ्यायचे नसते. 'फलाणा' अधिक जवळचा वाटतो. हा शब्द मुळात अरबी 'फुलान', तो फारशीच्या वाटेने केव्हाच मराठीत आला, गावाकडे 'फलाण्या-बिस्ताण्या' म्हणून स्थिरावला आणि त्याचे अरबीपण कोणाच्या ध्यानातही राहिले नाही. पण 'फलाणा' म्हटले की थोडी तुच्छता येते, आणि हादीच्या मनात तुच्छता नाही. वऱ्हाडात, मराठवाड्यात बायका 'ते हे' म्हणून जे म्हणतात, ज्यात नाव न घेण्यातला मानही असतो आणि विसरही असतो, ते घेऊन पाहावे. तीनशे पाने 'ते हे' वाचणे वाचकाला जड जाईल हे खरे. तरी अनुवादकाने दोन्ही वापरून पाहावेत : पोलिसांच्या तोंडी 'फलाणा', आणि एलिश्वाच्या गल्लीत 'ते हे'.